दोन थापा

"मागे कोणी उभं राहायचं नाही, काका. तुमचा माणूस दोरीच्या बाहेर काढा."

तपासणी अधिकारी बाईंनी हे हातातल्या टॅबवरून नजर न उचलताच सांगितलं. त्या असतील तिशीच्या. केबिनमध्ये स्टीअरिंगला दोन्ही हात लावून बसलेले ज्ञानदेवनाना नेवाळे बासष्टचे. त्यातली अडतीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला होता आणि आज त्यांच्याच ट्रकच्या पुढच्या काचेवर लाल रंगाचा 'एल' चिकटवलेला होता. एल म्हणजे शिकाऊ. चिखलीहून ट्रायलच्या मैदानापर्यंत येताना दोन रिक्षावाल्यांनी आणि एका टेम्पोवाल्याने तो वाचून मुद्दाम मान बाहेर काढली होती, आत कोण शिकतंय ते बघायला.

"मॅडम, मागं मानूस नको, तर मग मागं घ्यायची कशी?"

"आरशात बघून. सगळे तशीच घेतात."

नवनाथ ट्रकच्या मागे हात वर करून उभा होता. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलतर्फेच नाना ट्रायलला आले होते. तो मुकाट्याने दोरीबाहेर गेला. नानांना राग आला. मागच्याच आठवड्यात त्यांना दिवसभराच्या उजळणी वर्गाला बसवलं होतं आणि तिथे पडद्यावर चांगलं ठळक मराठीत लिहिलेलं होतं, 'वाहन मागे घेताना मदतनीस ठेवावा.' नानांनी ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. चाळीस ड्रायव्हरांत वही नेणारे ते एकटेच होते. आता वर्गात एक सांगायचं आणि मैदानावर दुसरं, याला काय म्हणायचं?

पण वाद घालायची ती जागा नव्हती. नानांनी रिव्हर्स टाकला. जमिनीवर पांढरे पट्टे, कडेला खांब, मध्ये एक वळण आणि शेवटी एक चौकट. त्या चौकटीत ट्रक उलटा नेऊन उभा करायचा, एवढंच काम. असली कामं नानांनी भोसरीच्या शेडमध्ये केली होती, होसूरला केली होती, जमशेदपूरला घोटाभर चिखलात केली होती. ट्रक दहा फूट मागे गेला आणि नानांनी उगाचच ब्रेक मारला. पुन्हा दहा फूट, पुन्हा ब्रेक. त्यांचे कान मागे लागले होते आणि मागून काहीच येत नव्हतं. वळणावर तर ते इतका वेळ थांबले की बाईंनी शेवटी टॅबवरून मान वर केली.

"काका, इंजिन बंद पडलं का?"

"न्हाई, न्हाई."

मग ते घाईने मागे गेले आणि डाव्या चाकाने खांब आडवा केला. प्लास्टिकचा खांब, त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

"फेल झालात, काका. सात दिवसांनी परत या," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "वाईट वाटून घेऊ नका. नव्या लोकांचं होतं असं."

खरं सांगायचं तर नानांचं लायसनवाचून काहीच अडलं नव्हतं. नेवाळे म्हणजे चिखलीतलं जुनं घर. जागेवर भाड्याच्या खोल्या उभ्या राहिलेल्या, मुलगा रणजीत चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला, सून अपेक्षा शाळेत शिक्षिका. ट्रक सत्तावीस वर्षांचा होऊन थकलेला. पुढच्या पासिंगला तो उभा राहणार नाही हे नानांना कुणापेक्षाही जास्त कळत होतं, म्हणून चाकणच्या पुढे गाड्या मोडायचं जे यार्ड आहे तिथे तो द्यायचं त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं. भांडण होतं ते एवढ्यावरच, की तिथवर न्यायचा कुणी.

"यार्डवाले क्रेन पाठवतात, नाना. उचलून घेऊन जातील," रणजीत म्हणाला होता.

"उचलून न्यायला ती काय मेलीय का?"

"मग नवनाथकाका चालवत नेतील."

"माझी गाडी मीच नेनार."

"लायसन संपलंय तुमचं. बरं, न्या तसंच. वीस किलोमीटरला कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," नाना म्हणाले आणि तो विषय तिथे संपला. खिशात लायसन नसताना त्यांनी आजवर किल्लीला हात लावला नव्हता. त्यावरून रस्त्यावरचे बाकीचे ड्रायव्हर त्यांची टर उडवायचे, पण नाना बधले नव्हते. लर्निंग निघालं तेव्हा नवनाथने दुसरी वाट सुचवून पाहिली, की एल लावलेला आहे, मी शेजारी बसतो, नेऊ यार्डात. नाना त्याच्यावर खेकसले, "शेवटच्या दिशी तिच्या कपाळाला शिकाऊची चिठ्ठी लावू व्हय? तू गप बस."

यामागे आणखी एक गोष्ट होती, ती नाना कुणाला बोलून दाखवत नसत. नोव्हेंबरात रंभाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घरातून शेवटचं नेलं ते ॲम्ब्युलन्समधून. चालवणारा कुणी परका माणूस होता, खड्डे न चुकवता तो गाडी दामटत होता, आणि नाना मागे बाकड्यावर तिचा हात धरून बसले होते. जन्मभर गाडी चालवली आणि तिच्या शेवटच्या खेपेला स्टीअरिंग दुसऱ्याच्या हातात होतं. हे त्यांना फार लागलं होतं. ट्रकला तरी आपण पोचवायचं, एवढाच त्यांचा हट्ट होता. पासिंग एकतीस मार्चला संपत होतं. त्यानंतर ट्रक रस्त्यावर आणता आला नसता आणि मग क्रेनच आली असती. नाना फेल झाले त्या दिवशी तारीख होती एकोणीस.

आता थापेबद्दल सांगायला हवं.

ट्रक घेतला तेव्हा चिखली हे गावच होतं. नेवाळ्यांच्या घराची गल्ली इतकी अरुंद की आत गाडी वळवायची सोय नव्हती. रस्त्यावरून शंभर-सव्वाशे फूट उलटा ट्रक आणायचा, म्हणजे सकाळी सरळ निघता यायचं. त्यामुळे नानांचं घरी येणं हे नेहमी मागे घेत घेतच व्हायचं. पहिल्याच संध्याकाळी क्लीनर मोशीला उतरून गेलेला आणि नाना नवाकोरा ट्रक एकटेच आत आणत होते. रंभाबाई मागच्या अंगणात राखेने भांडी घासत बसल्या होत्या. बघतात तो ट्रकचा मागचा फाळका थेट गोठ्याच्या भिंतीवर चाललाय. हाक मारायची कशी? ओट्यावर सासरे, आबाजी, बसलेले. सासऱ्यांदेखत नवऱ्याला 'अहो' म्हणून ओरडायची त्या घरात पद्धत नव्हती, नाव घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. रंभाबाई पदर सावरत धावल्या आणि राखेच्या हाताने फाळक्यावर दोन थापा हाणल्या. नानांनी ब्रेक दाबला. उतरून पाहतात तो भिंत वीतभर लांब राहिलेली आणि नव्या पिवळ्या रंगावर राखेचे दोन पंजे.

"सूनबाईनं गाडी वाचिवली," आबाजी ओट्यावरून म्हणाले. ते कुणाचं कौतुक करत नसत, म्हणून हे वाक्य घरात पुढे अनेक वर्षं सांगितलं गेलं.

तेव्हापासून ठरूनच गेलं. एक थाप म्हणजे या. दोन थापा म्हणजे थांबा. चेन्नईहून आठ-दहा दिवसांनी परतले की नाना गल्लीच्या तोंडाशी एकदा हॉर्न द्यायचे. रंभाबाई हातातलं काम टाकून मागे येऊन उभ्या राहायच्या. मग थाप, बांगड्यांचा आवाज, पुन्हा थाप, असं करत ट्रक अंगणात यायचा. आठ दिवसांनंतरचं नवराबायकोचं पहिलं बोलणं ते हेच. पुढे आबाजी गेले. गोठा गेला, शेजारी इमारती आल्या, ट्रकला मोठे आरसे बसले. रंभाबाई 'अहो' तर म्हणू लागल्याच, पण चेष्टेत आल्या की 'ज्ञानदेवराव' असं चक्क नावही घ्यायच्या. थाप मात्र राहिली. फाळक्याच्या डाव्या बाजूला टीचभर जागेवरचा रंग उडून आतलं लाकूड गुळगुळीत झालं. दर दोन वर्षांनी रंग दिला तरी तेवढा तुकडा पुन्हा उघडा पडायचा.

"नाना, हितंच का वो रंग जातोय? पानी लागतंय का?" रंगारी विचारायचा.

"न्हाई, बायको लागती," नाना सांगायचे.

नेवाळ्यांची रंभा दिवसाढवळ्या थापा मारते, अशी त्या गल्लीतली जुनी थट्टा होती. खरं म्हणजे तोंडाने थापा मारणं त्या बाईला जमतच नसे. खोटं बोलायची वेळ आली की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. उभ्या संसारात तिने नवऱ्याला मारलेल्या थापा दोनच. पोटात दुखायला लागलं तेव्हा सहा महिने ती "पित्त हाय वो, तुमी जावा चेन्नईला" म्हणत राहिली, ती पहिली. आणि नाना जात राहिले. दुसरी थाप त्यांना कळली ती या फेल झाल्याच्या दिवशी, मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर.

टपरीवर नाना सरकारवर घसरले होते.

"ही समदी त्या साठीच्या नियमाची करनी, नवनाथ. त्या साली बंद केलं नसतं, तर ही ट्रायल कशाला द्यावी लागली असती? बासष्टाव्या वर्षी मला म्हन्ती, नव्या लोकांचं व्हतं असं."

हा साठीचा नियम नानांचा मोठा सल होता. त्यांचं लायसन संपलं ते दीड वर्षापूर्वीच्या ऑगस्टात. तेव्हा रंभाबाईंचं दुखणं उघड होऊन चार महिने झाले होते आणि नाना घरीच होते. घरातले कागद ती बघायची, नाना फक्त खिशात बाळगायचे. लायसनचं तेवढं बघ म्हटल्यावर ती स्वतः रिक्षा करून नवनाथच्या ऑफिसात जाऊन आली आणि म्हणाली, "साठीच्या वरच्यांचं सध्या बंद केलंय म्हनं. नियम बदललाय. पुढल्या साली बघू म्हन्ले भावजी." नानांनी फोन केला तर नवनाथनेही तेच सांगितलं. नियम तर रोजच बदलतात, मग हा का बदलला नसेल? नाना विठोबाच्या देवळापुढे बसून वर्षभर या नियमाला शिव्या देत राहिले. दोन-तीन म्हाताऱ्यांनी तर "आमीबी ऐकलंय" म्हणून दुजोरासुद्धा दिला होता.

नवनाथने चहाचा ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"नाना, असा नियमच नव्हता."

"कसला?"

"साठीचा. वहिनी आल्या हुत्या तवा मी त्यांना सांगितलं, एक वरसाची मुदत असती. मेडिकल द्या, वर्ग करा, लायसन घरी. ट्रायलसुदीक न्हाई. तर मला म्हन्ल्या, आन् वरीस उलटलं तर? मी म्हन्लं, मग पैल्यापास्नं. लर्निंग, ट्रायल, समदंच. तर म्हन्ल्या, मग उलटू द्या."

"उलटू द्या म्हन्ली? का?" नानांनी विचारलं.

"म्हन्ल्या, डागदरनी मला साल-सव्वा साल सांगितलंय. ह्यांच्या हातात लायसन आलं की कुनाचा तरी फोन येनार आन् हे चालले. तेवढं साल घरात ऱ्हाऊ द्या त्यांना. मला शपत घातली, नाना. मी काय करनार?"

"आन् तू मला फोनवर खोटं बोल्लास."

"बोल्लो. वहिनींना मी म्हन्लं बी, पुढं ट्रायलला मागं कुनाला उभं करू देत न्हाईत, तुमच्या थापंबिगर नानांना जमल का? तर हसल्या. म्हन्ल्या, त्यांना समदं दिसतंय वो आरशात. मी येती म्हनून उगंच थांबत्यात."

नाना उठले. चार पावलं गेले आणि परत आले.

"दीड वरीस मी सरकारला शिव्या घातल्या रं," ते म्हणाले. एवढंच म्हणाले आणि केबिनमध्ये जाऊन बसले. दार लावून घेतलं. नवनाथ अर्धा तास बाहेर उन्हात उभा राहिला, त्याची दार वाजवायची हिंमत झाली नाही.

आधी नानांना नवनाथचा राग आला. मग रंभाचा आला. मरायला टेकलेल्या बायकोला सोडून हा रस्त्याला लागेल असं तिला वाटलंच कसं? आणि मग आठवलं की लायसन संपलं त्याच सालच्या ऑक्टोबरात होसूरच्या खेपेसाठी दोन फोन येऊन गेले होते. तेव्हा रंभाची पहिली औषधं संपून तिला जरा बरं वाटत होतं. रणजीत होता, अपेक्षा होती, चार दिवसांचा तर प्रश्न होता. लायसन असतं तर ते गेले असते. तिथून मग दुसरी खेप, तिसरी खेप. नक्कीच गेले असते. नानांना स्वतःची लाज वाटली. ती त्यांना पुरती ओळखून होती आणि तिने बरोबर तेच केलं जे करायला हवं होतं.

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण सलग घरी राहिले ते हे दीडेक वर्षच. त्या दिवसांत ते मटार सोलायला शिकले, भाकरी थापायला शिकले, ती पहिल्यांदा जळकीच झाली तर रंभा म्हणाली, "असू द्या, टायरपेक्षा गोल हाय." दुपारी तिला धरून गच्चीवर नेत. गच्चीवरून पूर्वी शेतं दिसायची, आता शेडचे पत्रे दिसायचे. ती बोट करून दाखवायची, इथे आपला हरभरा असायचा, तिथे विहीर. नानांना त्यातलं निम्मं माहीतच नव्हतं. आपल्याच गावाची ओळख त्यांना त्या वर्षात झाली.

त्या संध्याकाळी नाना अंगणात ट्रकच्या मागे जाऊन उभे राहिले. रंग गेलेल्या त्या तुकड्यावर त्यांनी तळहात टेकवला.

"येक मारलीस तवा मी चालतच ऱ्हायलो," ते हळूच म्हणाले. "दुसरी मारलीस तवा थांबलो. बराबर हाय तुजं."

अपेक्षा त्यांना जेवायला बोलवायला आली होती. ती स्वयंपाकघराच्या दारातूनच मागे फिरली आणि रणजीतला म्हणाली, थोडं थांब, नाना आईंशी बोलतायत.

सव्वीस तारखेला पुन्हा तेच मैदान, त्याच बाई, तोच टॅब.

"मागे कोणी..."

"कुनी न्हाई, मॅडम. ह्या बारीला कुनीच न्हाई."

नवनाथ आपणहून दोरीपलीकडे, अगदी लांब जाऊन उभा होता. नानांनी रिव्हर्स टाकला. डावा हात स्टीअरिंगवर ठेवला आणि उजवा खिडकीबाहेर काढून दारावर आपटला. एक थाप. ट्रक मागे सरकला. पुन्हा एक. खिडकीतून दिसणारा पट्टा चाकाला समांतर आला, आरशात खांब दिसला, आणि नानांच्या लक्षात आलं की खरंच सगळं दिसतंय. कायमच दिसत होतं. वळणावर त्यांनी स्टीअरिंग दोन्ही हातांनी ओढलं, ट्रक वळला, पुन्हा हात बाहेर, पुन्हा थाप.

"काका, काय करताय हे?" बाई ओरडल्या.

"आवाज देतोय."

"कुणाला?"

"मलाच."

बाईंनी टॅबकडे पाहिलं. दारावर थापा मारण्याबद्दल त्यात काही रकाना नसावा, कारण त्यांनी नुसती मान हलवली. चौकटीत ट्रक गेला, मागची पांढरी रेघ फुटावर आली, तेव्हा नानांनी दारावर दोन थापा मारल्या आणि ब्रेक दाबला. दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटली होती. बाई चालत मागे गेल्या, वाकून बघून आल्या आणि या वेळी टॅब काखेत धरून बोलल्या.

"काका, मग त्या दिवशी काय झालं होतं?"

"त्या दिशी मी वाट बघत हुतो, मॅडम."

लायसन दोन दिवसांनी रणजीतच्या मोबाईलवर आलं. कार्ड मागाहून पोस्टाने येईल, तोवर मोबाईलवरचं चालतं, असं त्याने समजावून पाहिलं. मोबाईलची बॅटरी गेली तर पोलिसाला काय दाखवू, असा नानांचा सवाल होता. शेवटी अपेक्षाने झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून, प्लास्टिकमध्ये घालून आणली. नानांनी ती उन्हात धरून बघितली. फोटोत ते रागावल्यासारखे दिसत होते.

"पाच वर्षांचं दिलंय, नाना," अपेक्षा वाचून म्हणाली. चालवायला ट्रक होता तो फक्त तीन दिवस.

तीस तारखेला सकाळी नानांनी काचेवरचा एल ब्लेडने खरवडून काढला. बादलीभर पाण्याने ट्रक धुतला, चाकंसुद्धा. रणजीत म्हणाला, मी मोटारसायकलवर मागून येतो, परत येताना बरं पडेल. नाना म्हणाले, तू कंपनीत जा, तुझी शिफ्ट चुकवू नको, मी बसने येईन. लायसन वरच्या खिशात घातलं, खिशाचं बटण लावलं आणि स्टार्टर मारला. ट्रक गल्लीकडे तोंड करूनच उभा होता. सरळ निघाला.

मोशी ओलांडून हायवेला लागेपर्यंत ट्रॅफिकने जीव खाल्ला. इंद्रायणीच्या पुलावर जरा वारा लागला. नाना या रस्त्याने पहिल्यांदा गेले तेव्हा दोन्हीकडे झाडं होती आणि चाकण म्हटलं की कांदा डोळ्यांपुढे यायचा. बाजाराच्या दिवशी गोण्यांच्या थप्प्या रस्त्यापर्यंत येत आणि ट्रकच्या हौद्यातून आठवडाभर तो वास जात नसे. रंभा फाळक्याजवळ उभी राहून म्हणायची, आज हात धुवून पण भाकरीला कांद्याचा वास येणार. मग कंपन्या आल्या. कांद्याच्या जागी गिअरच्या पेट्या आल्या, ऑइलचा वास आला, आणि ती म्हणू लागली की यापेक्षा कांदा बरा होता. तळेगाव चौकात ट्रक वीस मिनिटं उभा राहिला. नाना मुळीच वैतागले नाहीत. आज त्यांना उशीरच हवा होता.

यार्डात आधी कागद बघितले. खिडकीतल्या माणसाने गाडीचे सगळे कागद घेतले, शिक्के मारले. नानांनी लायसन काढून पुढे केलं.

"त्याची गरज नाही, बाबा. गाडीचेच लागतात," तो म्हणाला.

"बघून तर ठेवा," नाना म्हणाले. त्याने बघितल्यासारखं केलं आणि परत दिलं.

आतमध्ये मोडलेल्या गाड्यांची रांग होती. रांगेच्या शेवटी भिंतीला लागून एक मोकळी जागा दाखवण्यात आली. उलटा लावा, म्हणजे इंजिन काढायला बरं. कामगार ट्रकच्या मागे जाऊन उभा राहिला आणि हात हलवत ओरडायला लागला, "आने दो, आने दो, काका!"

नानांनी ब्रेक दाबला. खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाजूला व्हा, राव. मागं कुनी उभं ऱ्हायचं न्हाई."

तो बाजूला झाला. नानांनी ट्रक मागे घेतला, सावकाश, आरशात बघत, एका ओढीत. या वेळी दारावर हात मारला नाही. भिंत वीतभर राहिली तेव्हा ते थांबले. इंजिन बंद केलं. ते बंद होताना नेहमीसारखंच दोनदा थरथरलं आणि शांत झालं. किल्ली काढायची त्यांना घाई नव्हती.

मग उतरले. भिंत आणि फाळका यांच्यातल्या जागेत माणूस जाणार नव्हता, म्हणून डावीकडून त्यांनी नुसता हात आत घातला आणि चाचपून तो गुळगुळीत तुकडा शोधला. त्यावर दोन थापा मारल्या. रिकामा हौदा मोठ्याने वाजला.

"क्या हुआ, काका?" कामगाराने विचारलं.

"काय न्हाई. थांबली," नाना म्हणाले आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

हायवेवर येऊन त्यांनी बसची वाट पाहिली. बस भरलेली होती, पण एका मुलीने उठून जागा दिली. ड्रायव्हरच्या मागचीच जागा. नानांनी खिशावरून हात फिरवला, लायसन जागेवर होतं. शेवटचा माणूस चढला तसं दारातल्या कंडक्टरने पत्र्यावर दोन थापा मारल्या.

नानांचा उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा आपोआप खाली दाबला गेला. बस निघाली.